आदिवासी हक्क आणि नागरी हक्कांची वकिली इंदुरात राहून आयुष्यभर करता येईल का?

नवी_सनद, इंदूर

सर्व ज्येष्ठ सदस्यांस नमस्कार. मी इंदूरच्या मराठी घरातली, रामबागेत वाढलेली, आणि याच वर्षी विधी शाखेची पदवी घेतलेली आहे. वकिलीच्या सनदेसाठी अर्ज केला असून बार परीक्षेची तयारी चालू आहे. मी दिवाणी न्यायाधीशपदाची परीक्षा द्यावी अशी घरच्यांची इच्छा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 2025 च्या निकालानंतर त्या परीक्षेसाठी तीन वर्षांची वकिली आवश्यक झाली, त्यामुळे ती वर्षे कोठे आणि कोणाच्या हाताखाली घालवावीत हे मला आताच ठरवावे लागणार आहे.

शेवटच्या वर्षी मी काही काळ मोफत वकील पुरवणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कामात मदतनीस होते. तेथे बडवानी आणि अलीराजपूरकडचे मजूर आरोपी म्हणून समोर येत. आरोपपत्र हिंदीत, प्रश्न हिंदीत, आणि माणूस भिलाली बोलणारा. आपल्यावर नेमका काय आरोप आहे, हेही अनेकांना नीट सांगितले गेलेले नसे. तेव्हापासून नागरी हक्क आणि आदिवासींविषयीचे कायदे याच क्षेत्रात वकिली करावी असे मी मनाशी धरले आहे.

माझी विचारणा अशी आहे की, दिल्लीला जाऊन जनहित याचिका लढवणाऱ्या एखाद्या ज्येष्ठ वकिलांच्या चेंबरमध्ये काम करावे, की इंदूर खंडपीठातच सुरुवात करावी? या कामावर घर चालते का? आणि ज्या गोष्टी विधी महाविद्यालयात शिकवल्या गेल्या नाहीत, पण या वकिलीत रोज लागतात, त्या कोणत्या? ज्यांनी हे काम प्रत्यक्ष केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

जुना_वकील, इंदूर खंडपीठ

ताई, दिल्लीचा विचार निदान पाच वर्षे बाजूला ठेवा, असे मी सुचवीन. हक्कांचे खटले सर्वोच्च न्यायालयात गाजतात हे खरे, परंतु ते जिंकले किंवा हरले जातात ते तहसिलीत, ठाण्यात आणि दंडाधिकाऱ्यांच्या समोर, जेथे पहिला कागद तयार होतो. तो कागद कच्चा राहिला तर वर जाऊन कितीही मोठा वकील उभा केला तरी त्याच्या हाती फारसे काही उरत नाही. ज्याला हा पहिला कागद पक्का करता येतो असा वकील आपल्या पश्चिम पट्ट्यात आजही दुर्मीळ आहे, आणि तुमची खरी गरज तेथे आहे.

महू आपल्या उंबरठ्यावर आहे, बाबासाहेबांचे जन्मस्थान म्हणून आपण सर्वच तेथे जातो. पण त्यांचे महाडचे प्रकरण कायद्याचे विद्यार्थी दाव्याच्या अंगाने क्वचितच वाचतात. मार्च 1927 मधला चवदार तळ्याचा सत्याग्रह सर्वांना ठाऊक आहे. त्याच वर्षीच्या डिसेंबरात महाडच्या सवर्णांनी दिवाणी न्यायालयात दावा लावला, डॉ. आंबेडकरांना प्रतिवादी केले आणि तात्पुरता मनाईहुकूम मिळवला. तो दावा खालच्या न्यायालयातून अपिलांमार्गे मुंबई उच्च न्यायालयात गेला आणि 17 मार्च 1937 रोजी, म्हणजे नऊ वर्षांहून अधिक काळाने, संपला. निकाल बाबासाहेबांच्या बाजूने लागला, परंतु समतेच्या तत्त्वावर नव्हे. अस्पृश्यांना तळ्यापासून दूर ठेवण्याची रूढी अनादि काळापासून चालत आली आहे, असे वादींचे म्हणणे होते, आणि ते त्यांना पुराव्याने सिद्ध करता आले नाही. तेव्हा राज्यघटना नव्हती, अस्पृश्यता रद्द करणारा अनुच्छेद 17 नव्हता. हाती होत्या त्या साक्षी, नगरपालिकेचे कागद आणि उलटतपासणी. आज अनुच्छेद आहेत, कायदे आहेत, आणि तरीही मला असे दिसते की आपली तरुण मंडळी अनुच्छेद पाठ करतात आणि उलटतपासणी शिकत नाहीत. याचे मला मनापासून वाईट वाटते.

आता आपल्या प्रदेशाकडे या. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचे मुख्य पीठ जबलपुरास, खंडपीठे इंदूर आणि ग्वाल्हेर येथे. इंदूर खंडपीठाच्या कक्षेत धार, झाबुआ, अलीराजपूर, बडवानी आणि खरगोन हे जिल्हे येतात. यांपैकी झाबुआ, अलीराजपूर आणि बडवानी संपूर्ण अनुसूचित क्षेत्रात, तर धार आणि खरगोनचा मोठा भाग त्यात मोडतो. भिल, भिलाला, बारेला ही माणसे गंगवाल बसस्थानकावर उतरून आपल्याच शहरात मजुरीला येतात. एवढा मोठा अनुसूचित प्रदेश कोर्टापासून एका दिवसाच्या प्रवासात असणे हे या कामासाठी दिल्लीपेक्षा कितीतरी मोलाचे आहे.

येथे जमिनीचे एक कलम तुम्हाला तोंडपाठ हवे, आणि ते मध्य प्रदेश भू-राजस्व संहिता, 1959 मधील 170-ख. आदिवासींच्या जमिनी कर्जाच्या, दारूच्या, कोऱ्या कागदावरच्या अंगठ्याच्या जोरावर लाटल्या गेल्या, हे ओळखून 1980 मध्ये हे कलम घातले गेले. 2 ऑक्टोबर 1959 ते 24 ऑक्टोबर 1980 या काळात आदिवासी खातेदाराची शेतजमीन ज्याच्या ताब्यात गेली, त्यानेच अनुविभागीय अधिकाऱ्याला ठरलेल्या मुदतीत कळवायचे की ती आपल्याकडे कशी आली. न कळवल्यास ताबा बेकायदा आहे असे गृहीत धरले जाते आणि जमीन मूळ खातेदाराकडे किंवा त्याच्या वारसांकडे परत जाते. पुराव्याचा भार कोणावर आहे ते लक्षात घ्या. नेहमीच्या दिवाणी दाव्यात गरिबाला सर्व काही सिद्ध करावे लागते. येथे विधिमंडळाने तो भार उचलून ताबेदाराच्या डोक्यावर ठेवला. आणि तरीही अशी प्रकरणे पडतात, कारण 1959 सालच्या खसऱ्याची, म्हणजे शेतजमिनीच्या सरकारी नोंदीची, नकल कोणी काढलेलीच नसते, नामांतरणाची (फेरफाराची) नोंद कोणत्या आदेशाने झाली ते कोणी पाहिलेले नसते, वारसांपैकी एखादी बहीण पक्षकार करायची राहून गेलेली असते. यांपैकी एकाही कामाला दिल्ली लागत नाही. त्याला अभिलेखागारात बसण्याची चिकाटी लागते, आणि पटवाऱ्याचे (तलाठ्याचे) अक्षर लावता यावे लागते.

अटकेच्या बाबतीतही तेच. बेड्यांविषयी सर्वोच्च न्यायालयाने 1980 मध्ये प्रेमशंकर शुक्ला प्रकरणात सांगितले की, सरसकट बेड्या घालणे घटनेला धरून नाही आणि घालायच्या तर कारणे नोंदवली पाहिजेत. तरीही आपल्याच अलीराजपूर भागातल्या कार्यकर्त्यांना बेड्या घातल्याचा प्रश्न खेडुत मजदूर चेतना संगठनाच्या प्रकरणात पुन्हा त्याच न्यायालयापुढे गेला, आणि त्यावर 1994 मध्ये निकाल आला. दरम्यान 14 वर्षे निकाल पुस्तकात होता. आता नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 43 मध्ये काही गुन्ह्यांसाठी बेड्यांची मुभा दिलेली आहे, त्यामुळे रिमांडच्या वेळी वकिलाने अधिकच जागे राहायला हवे. आरोपी उभा राहिला की त्याचे मनगट पाहा, त्याला त्याच्या भाषेत विचारा, आणि जे दिसले ते दंडाधिकाऱ्यांनी आदेशपत्रिकेत नोंदवावे असा लेखी अर्ज द्या. तोंडी केलेली तक्रार दुपारपर्यंत विरून जाते.

भाषेबद्दल तुम्ही जे लिहिले आहे त्यातच तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आहे. भिलाली शिका. मी ती उशिरा शिकलो आणि अजूनही अडखळत बोलतो, परंतु पक्षकार दुभाष्याला एक सांगतो आणि वकिलाला थेट दुसरे सांगतो, हे मी पुन्हा पुन्हा अनुभवले आहे. दुभाषी बहुधा गावचाच असतो, आणि गावात ज्याच्याविरुद्ध बोलायचे त्याचा तो कोणीतरी लागत असतो.

घर चालते का, हा प्रश्न विचारलात ते बरे केलेत, कारण तो न विचारणारी मुले लवकर हे काम सोडून जातात. माझे घर मोटार अपघात दाव्यांवर चालले. आठवड्यातले काही दिवस ते काम, उरलेले या कामाला. हे दोन्ही एकमेकांच्या आड येत नाही, उलट अपघात दाव्यांत साक्षीदार तपासण्याचा जो सराव होतो तो अत्याचाराच्या खटल्यांत उपयोगी पडतो. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंध कायद्यात 2015 च्या दुरुस्तीने आलेले कलम 15-अ पीडितांना सुनावणीचा, संरक्षणाचा आणि जामिनाच्या अर्जाची माहिती मिळण्याचा हक्क देते. तो हक्क बजावणारा वकील पीडिताकडे नसेल तर ते कलम नुसते छापील राहते.

बचाव_पक्ष, धार

वकीलसाहेबांनी जमिनीच्या बाजूने लिहिले आहे, मी फौजदारी बाजूने थोडे सांगते. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने 2022 मध्ये विधी सहाय्य बचाव वकिलांची योजना आणली. त्यात जिल्ह्यासाठी मुख्य, उप आणि सहायक बचाव वकील पूर्ण वेळ मानधनावर घेतले जातात, खासगी वकिलीची परवानगी नसते आणि काम फक्त आरोपींच्या बचावाचे असते. सहायक पदासाठी नव्या वकिलांनाही घेतात. नेमणूक करारावर असते, म्हणजे नोकरीची शाश्वती नाही. मात्र दरमहा ठरलेली रक्कम मिळते आणि पहिल्याच वर्षात सत्र न्यायालयातले खटले हाताळायला मिळतात, हे खासगी चेंबरमध्ये सहसा होत नाही. पीडितांच्या बाजूने काम करायचे असेल तर प्राधिकरणाच्या पॅनेलवरचे वकील व्हावे लागते, त्याचे मानधन खटल्यागणिक मिळते आणि ते फार थोडे असते.

1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचे कलम 12 नीट वाचून ठेवावे. स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्न कितीही असले तरी मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. आमच्याकडे उत्पन्नाचा दाखला नाही म्हणून परत पाठवलेल्या आदिवासी स्त्रिया येतात तेव्हा संताप होतो, कारण त्यांच्याकडून तो दाखला मागण्याचेच कारण नाही.

आमच्या भागातली एक अडचण शहरातल्या वकिलांच्या ध्यानात येत नाही. पेरणी-काढणी आटोपली की कुटुंबेच्या कुटुंबे मजुरीसाठी गुजरातेत जातात. पेशीची तारीख चुकते, वॉरंट निघते, आणि होळीआधीच्या भगोरिया उत्सवासाठी गावी आलेल्या माणसाला पोलिस उचलतात. किरकोळ गुन्ह्यातला माणूस अशा रीतीने महिनोन्महिने आत राहतो. जामीन मंजूर झाला तरी जमानतदार मिळत नाही, कारण भावाच्या नावावर जमिनीची पावती नसते. सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये निर्देश दिले आहेत की, जामीन मिळूनही सात दिवसांत बंदी सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवावे. शिवाय नव्या संहितेच्या कलम 479 प्रमाणे, पहिल्यांदाच आरोपी झालेल्या व्यक्तीने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ कच्च्या कैदेत काढला असेल तर तिला सोडण्याची तरतूद आहे. मृत्युदंड किंवा जन्मठेपेचे गुन्हे त्यातून वगळलेले आहेत, आणि एकाहून अधिक प्रकरणे प्रलंबित असल्यासही अडचण येते. या तारखा मोजण्याचे काम कोणी तरी रोज केले पाहिजे. मी एका वहीत प्रत्येक बंदीची अटकेची तारीख, कलम आणि एक तृतीयांश काळ पूर्ण होण्याचा दिवस लिहून ठेवते.

परदेशी_अभ्यास, मूळचा इंदूरकर

मी अमेरिकेतील मूलनिवासी जमातींविषयीच्या कायद्याचा अभ्यास केला आहे, म्हणून ज्येष्ठ वकीलसाहेबांच्या मुद्द्याला तिकडची दोन उदाहरणे जोडतो. 1960 च्या दशकात तेथे सरकारी पैशातून गरिबांसाठी कायदेसाहाय्याची कार्यालये निघाली, त्यांपैकी काही थेट जमातींच्या राखीव प्रदेशांत होती. नवाहो जमातीच्या राखीव प्रदेशात राहून तेथेच काम करणाऱ्या एका नवाहो स्त्रीच्या पगारातून अॅरिझोना राज्याने 16 डॉलर 20 सेंट इतका आयकर कापून घेतला. ती रक्कम परत मिळावी म्हणून कायदेसाहाय्याच्या वकिलांनी लढवलेला खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि 1973 मध्ये मॅक्लानहन प्रकरणात न्यायालयाने ठरवले की राखीव प्रदेशात मिळवलेल्या अशा उत्पन्नावर राज्याला कर लावता येणार नाही. मिनेसोटात लीच लेक प्रदेशातील ओजिब्वे जमातीच्या एका कुटुंबाला फिरत्या घरावरच्या 147 डॉलर 95 सेंट कराची मागणी आली. तोही खटला कायदेसाहाय्याच्या कार्यालयातून सुरू झाला, आणि 1976 च्या ब्रायन विरुद्ध इटास्का काउंटी या एकमुखी निकालाने जमातींच्या प्रदेशातील राज्यांच्या अधिकारांवर जी मर्यादा घातली तिचा आधार पुढे जमातींच्या आर्थिक स्वायत्ततेच्या मोठ्या खटल्यांत घेतला गेला. या दोन्ही वेळी वकिलापुढे आलेली रक्कम पाहून एखाद्या प्रतिष्ठित चेंबरने प्रकरण घेतलेच नसते.

एका गोष्टीची पूर्वकल्पना असावी. नागरी हक्क आणि जमातीचे स्वशासन हे नेहमी एका बाजूला नसतात. अमेरिकेत 1968 च्या कायद्याने जमातींच्या शासनावरही व्यक्तीच्या हक्कांची बंधने घातली, परंतु 1978 मध्ये सांता क्लारा पुएब्लो प्रकरणात एका स्त्रीने, जमातीबाहेर लग्न केलेल्या स्त्रियांच्या मुलांना सदस्यत्व नाकारणाऱ्या जमातीच्या नियमाला आव्हान दिले, तेव्हा संघीय न्यायालयाने तो प्रश्न जमातीच्या स्वतःच्या संस्थांवर सोडला. आपल्याकडे हाच पेच मुलींच्या वारसाहक्कात उभा राहतो, कारण हिंदू उत्तराधिकार कायदा, केंद्र सरकारने अधिसूचना काढल्याखेरीज, अनुसूचित जमातींना लागू होत नाही. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने छत्तीसगडच्या एका गोंड कुटुंबाच्या प्रकरणात, स्त्रीला वगळणारी रूढी सिद्ध झालेली नसताना तिच्या वारसांना समान वाटा नाकारता येणार नाही, असे ठरवले. तुमच्याकडे उद्या एखादी भिलाला बहीण भावांविरुद्ध येईल आणि परवा तेच भाऊ वनजमिनीसाठी येतील. दोघांची वकीलपत्रे घेता येतील का, याचा विचार आधीच करून ठेवलेला बरा. माझ्या मते एका गावात एकदा एका बाजूने उभे राहिल्यावर दुसऱ्या बाजूला दुसरा वकील मिळवून द्यावा.

नवी_सनद, इंदूर

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, मी आभारी आहे. दिल्लीचा विचार तूर्त सोडला आहे आणि भिलाली शिकण्याची सोय पाहते आहे. जुने वकीलसाहेब, एक विनंती आहे. आपण पहिला कागद पक्का करण्याविषयी लिहिलेत. वनहक्काचा, म्हणजे कसत असलेल्या वनजमिनीवरच्या हक्काचा, फेटाळलेला दावा घेऊन कोणी आले तर फाईल कोठून वाचायला सुरुवात करावी, हे कृपया सांगावे.

जुना_वकील, इंदूर खंडपीठ

ताई, फाईल शेवटून वाचायला घ्या. शेवटी नामंजुरीचा आदेश असतो आणि पुष्कळदा त्यात "पुरावा अपुरा" एवढाच शेरा असतो. 2012 च्या दुरुस्तीनंतर नियमांप्रमाणे कारणे लेखी देणे बंधनकारक आहे, म्हणून कारण नसलेला आदेश हाच तुमचा पहिला मुद्दा. नंतर पाहा की आदेश दावेदाराला मिळाला केव्हा. उपखंडस्तरीय किंवा जिल्हास्तरीय समितीकडे दाद मागायला 60 दिवस असतात, आणि आदेश गावात पोचलेलाच नसेल तर ती गोष्ट दावेदाराच्या शपथपत्रात आली पाहिजे. दावेदाराला म्हणणे मांडण्याची संधी न देता समितीने त्याच्याविरुद्ध निर्णय दिला असेल तर तो 2006 च्या वनहक्क कायद्याच्या कलम 6 चाच भंग आहे.

मग पुराव्याकडे वळा. 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून जमीन कसत असल्याचे दाखवायचे असते आणि नियम 13 प्रमाणे एकाहून अधिक प्रकारचा पुरावा पाहिला जातो. उपग्रहाचे चित्र जोडीला चालते, परंतु इतर पुराव्याच्या जागी ते आणता येत नाही. एका चित्रावर दावा फेटाळला असेल तर तसे स्पष्ट लिहा. दावेदाराला घरातली जुनी पेटी घेऊन बसवा आणि आतला एकेक कागद स्वतः पाहा. वनरक्षकाने पूर्वी अतिक्रमणाबद्दल फाडलेली दंडाची पावती लोक लाजेने लपवून ठेवतात, तिची घडी पडलेली असते, कडा फाटलेल्या असतात. तिच्यावर तारीख असते, त्या वनाचा कक्ष क्रमांक असतो आणि वनखात्याचीच सही असते. अमुक माणूस अमुक वर्षी त्या जागेवर होता, हे खात्याने स्वतःच लिहून दिलेले असते. ती मिळाली की त्याच दिवशी तिची साक्षांकित प्रत काढून मूळ पावती दावेदाराला परत करा आणि पोच घ्या.

पेटीत काहीच नसेल तर शेतावर जा. बांध, विहीर, सपाट केलेली जमीन, घराचा जुना पाया आणि पूर्वजांच्या नावाने उभे केलेले दगड यांची जागेवर पाहणी करून ग्रामसभेच्या वनाधिकार समितीकडून पंचनामा लिहून घ्या. दावेदार सोडून गावातल्या वृद्धांचे जबाब लेखी घेता येतात आणि नियमांत त्यांना पुरावा म्हणून स्थान आहे. वृद्ध सन सांगणार नाहीत. कोणत्या दुष्काळात जमीन फोडली, कोणता मुलगा तेव्हा पाठीवर होता, असे सांगतील. ते त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या आणि वर्ष ठरवण्यासाठी त्या मुलाच्या शाळेचा दाखला जोडा. ग्रामसभेच्या ठरावावर उपस्थितांच्या सह्या आणि अंगठे पुरेसे आहेत का, हेही मोजून पाहा, कारण गणपूर्तीच्या कारणावरून चांगली प्रकरणे परत आलेली मी पाहिली आहेत.

दाव्यावरील प्रक्रिया पूर्ण होईपर्यंत कलम 4(5) प्रमाणे कोणालाही जमिनीवरून हटवता येत नाही. हे एका कागदावर हिंदीत मोठ्या अक्षरात लिहून, कलमासह, दाव्याच्या पोचपावतीला जोडून कुटुंबाजवळ देत जा. वकील जिल्ह्याच्या गावी असतो आणि वनखात्याची गाडी पाड्यावर आधी पोचते.

पुढच्या महिन्यात मला अलीराजपूरला अशाच एका प्रकरणाच्या सुनावणीसाठी जायचे आहे. सनद हाती आली असेल तर या. फाईल आधी तुम्ही वाचा, आणि समितीपुढे काय मांडायचे ते लिहून आणा.